नाही म्हणायची सोय

1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांवरचा एक अभ्यास छापून आला. गावे वसा आणि अमिर्झा. डॉ. राणी बंग आणि 'सर्च' संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 650 बायकांची तपासणी केली होती. त्यांतल्या 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही निघाले. सरासरी काढली तर एकेका बाईमागे साडेतीनहून जास्त दुखणी. याआधी अशी तपासणी कधी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के.

बाकीच्या बायका तोवर काय करत होत्या, याचे उत्तर आमच्या भागात कोणालाही ठाऊक आहे. धानाच्या रोवण्याला जात होत्या, मोह वेचत होत्या, तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होत्या, डोक्यावर सरपणाच्या मोळ्या आणत होत्या, आणि पोटातले, कमरेतले, ओटीपोटातले सगळे दुखणे अंगावर काढत होत्या. त्या अभ्यासाने जगभरच्या तज्ज्ञांना धक्का बसला, कारण तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जाई. बाई आई नसतानाही तिला शरीर असते, हे आकड्यांनी सांगावे लागले.

'स्वतःची काळजी घ्या' हा उपदेश आता शहरातून इकडेही पोचला आहे. मोबाइलवर त्याची चित्रे येतात: सुगंधी मेणबत्ती, तोंडाला लावलेला लेप, हातात कॉफीचा मग. त्यात वाईट काही नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ज्या बाईला सगळ्यांच्या शेवटी जेवायची सवय आहे, तिच्या काळजीची सुरुवात मेणबत्तीपासून होत नाही. ती होते 'आज नाही जमणार' या तीन शब्दांपासून. आणि हे तीन शब्द एकट्या बाईच्या हिमतीवर फार दिवस टिकत नाहीत, त्यांना घराची आणि गावाची साथ लागते.

सिकलसेलचेच घ्या. पूर्व विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही दलित, ओबीसी समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, सांध्यांत, छातीत असह्य कळा सुरू होतात. या कळा कशाने उठतात? शरीरातले पाणी कमी झाले की, अंग फार गार पडले की, ताप-जंतुसंसर्ग झाला की, आणि ताकदीबाहेर राबले की. आता रोवण्याचे काम आठवून बघा. जुलै महिना, पाऊस धरून आलेला, पोटरीपर्यंत चिखल, सकाळपासून वाकलेली कंबर, अंगावर ओले लुगडे, आणि बांधावर जायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायची सवय. आजार भडकवणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या एका बांधीत हजर असते. अशा बाईला डॉक्टर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या देतात, फॉलिक ॲसिड देतात, ते घ्यायलाच हवे. पण 'मी दुपारपर्यंतच येईन, मध्ये पाणी प्यायला उठेन आणि पाऊस लागला की थांबेन' हे मुकादमणीला आधीच सांगणे, हाही तिच्या उपचाराचा भाग आहे. ते सांगितले नाही तर गोळीचा अर्धा उपयोग चिखलात जातो. त्या बाईला कामचुकार म्हणणाऱ्यांनी तिच्या सांध्यांवरची सूज एकदा बघावी.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे बाईला विश्रांती द्यायची जुनी रीत आहेच की. माडिया आणि गोंड गावांतले कुर्माघर. पाळी आली की बाई गावाच्या कडेच्या त्या झोपडीत जाऊन राहते. चार-पाच दिवस स्वयंपाक नाही, विहिरीवर जाणे नाही, घरात पाऊल नाही. जेवण घरच्या बायका आणून देतात. काही बायका स्वतः सांगतात की तेवढेच दिवस पाठ टेकायला मिळते, मैत्रिणींशी बोलायला मिळते. ते खोटे नाही. पण जिथे जायचे ते छप्पर गळके, दार धड नाही, रात्री साप-विंचवाची भीती, संडास नाही. थंडीत, पावसात, अंगातून रक्त जात असताना तिथेच राहायचे. नाही गेली तर देव कोपेल, गावावर संकट येईल, हा धाक. या झोपड्यांत सर्पदंशाने, आजाराने बायका दगावल्याच्या घटना आहेत. 2015 मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ही प्रथा बंद करण्यासाठी पावले उचला, असे राज्य सरकारला सांगितले होते. पुढे मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने धानोरा तालुक्यातल्या तुकूमसारख्या गावांत नव्या, धड इमारती उभ्या केल्या. त्यांत खाटा आहेत, संडास आहे, सौर दिवे आहेत.

यावर मोठा वाद आहे. चांगली झोपडी बांधून दिली तर प्रथा आणखी घट्ट होते, असे एक बाजू म्हणते. बाई आज रात्री तिथेच झोपणार आहे, मग आज रात्री साप तरी नको, असे दुसरी. मला दुसरी बाजू आजच्या रात्रीपुरती पटते आणि पहिली उद्यासाठी. पण आपल्या विषयाशी कुर्माघराचा संबंध वेगळा आहे. बाहेरून बघितले तर कामातून सुट्टी, स्वतःपुरती जागा, माणसांपासून थोडे अंतर, सगळे तिथे आहे. फक्त ती रेघ तिने ओढलेली नाही. तिला पाळीच्या दुसऱ्या दिवशी घरी अंथरुणावर पडून राहायचे असेल तर ती मुभा नाही, आणि दहाव्या दिवशी ताप भरला तर कोणी तिला कामातून सोडणार नाही. दुसऱ्याने आखून दिलेल्या अंतराला विश्रांती म्हणता येत नाही. मानसशास्त्रात ज्याला निरोगी मर्यादा म्हणतात तिची पहिली अट हीच की ती आपण ओढायची, कारण आपल्याला ठाऊक असावे, आणि गरज पडली तर ती आपल्याला पुसताही यावी.

ही रेघ ओढणे जिला फार अवघड जाते, त्या आशाताईकडे आता वळतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झाले आणि गावागावांत आशा स्वयंसेविका आल्या. आज त्या करत असलेली एक मोठी गोष्ट, घरी जाऊन नवजात बाळ तपासणे, गडचिरोलीतच घडली. 'सर्च'ने 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून हे शिकवले. 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले: नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. 2011 पासून ती पद्धत देशभरच्या आशांकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झाले तर पहिल्या दिवशीही. वजनाचा झोळीकाटा, तापमापी, घड्याळ. एका मिनिटात बाळाचे श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका.

हे झाले ठरलेले काम. न ठरलेले मोजायचे तर रजिस्टर पुरणार नाही. "ताई, बाळ रडून राहिलं." "ताई, आयुष्मान कार्डाचा ओटीपी येत नाही." "ताई, सासूबाईचं बीपी बघून जा ना, इकडूनच चालली तर." बाळंतिणीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले की रात्र तिथल्या बाकावर. घरी आले की धानाचे बांध, मुलांची शाळा, चूल. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, आणि फोन मात्र चालूच. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक सन्मान दिला तेव्हा टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. त्या स्वयंसेविका आहेत, म्हणजे कामाचे तास नाहीत, आणि तास नाहीत म्हणून सुट्टीही नाही, याकडे मात्र कमी लोकांनी बघितले.

या दमण्याचा अभ्यास झालेला आहे. 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांचे निरीक्षण करून लिहिले. सर्वांत जास्त तळमळीने काम करणारेच आधी विझतात, असे त्याला दिसले. पुढे क्रिस्टिना मास्लाख यांनी या अवस्थेची तीन लक्षणे पक्की केली. शक्ती संपून जाणे हे पहिले. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याबद्दलच मन कोरडे होणे हे दुसरे. आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे हे तिसरे. दुसरे लक्षण ओळखायला सर्वांत अवघड, कारण ते स्वभाव बिघडल्यासारखे दिसते. गावात म्हणतात, "ताई आता आधीसारखी राहिली नाही." ताई तीच असते, दमलेली असते.

मग मर्यादा आखायची म्हणजे नेमके काय करायचे? पहिले काम, आलेल्या हाका वेगळ्या करणे. बाळ अंगावर पीत नाही, गार पडले आहे, मलूल आहे, श्वास जोरात चालला आहे, छाती आत ओढली जाते आहे. बाळंतिणीला रक्त जास्त जाते आहे, झटके येताहेत. यांना वेळकाळ नाही. मध्यरात्रही चालेल, आणि त्याच वेळी 108 ला किंवा गरोदर-बाळंतिणीसाठी 102 ला फोन. उरलेल्या बहुतेक गोष्टी सकाळपर्यंत थांबतात. ओटीपी तर नक्की थांबतो.

दुसरे, बोलायचे कसे. मर्यादा म्हणजे समोरच्यावर घातलेली बंदी नव्हे. मी काय करेन आणि काय करणार नाही, एवढेच सांगायचे. "मला रात्री फोन करत नका जाऊ" यात भांडण आहे. "मामी, बीपी बघायला मी उद्या सकाळी नऊला येते. रात्री छातीत दुखलं, घाम फुटला तर माझी वाट पाहू नका, एकशे आठ लावा." यात मामीला उत्तर मिळाले, ताईला झोप मिळाली. घरातही तसेच. "आई, आज वरण तुम्ही लावून ठेवा, मी आल्यावर भात टाकते." लांबलचक कारणे द्यायची नाहीत, जितकी कारणे जास्त तितकी ती खोडून काढायला जागा जास्त. पहिले काही दिवस कुजबुज होईल, 'मोठी झाली ताई' असेही कोणी म्हणेल. त्या दिवसांत माघार घेतली तर गाव एवढेच शिकते की जरा रुसले की ताई येते.

हे सांगणे सोपे, हे मला कळते. ज्या बाईला नवऱ्याच्या माराची भीती आहे तिला 'मर्यादा आखा' म्हणणे हा क्रूर विनोद होईल. तिला आधी सुरक्षितता हवी. महिला हेल्पलाइन 181 आहे, पोलिसांचा 112 आहे. एकटीचा नकार जिथे चालत नाही तिथे काय चालते, याची उदाहरणे मात्र याच दोन जिल्ह्यांत आहेत. दारूपायी संसार मोडलेल्या बायकांनी 'आमच्या घरात, आमच्या गावात दारू नको' हे गटाने सांगितले. 1993 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपूरच्या बायकांनी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी मोर्चा नेला. बंदी आली 2015 मध्ये आणि 2021 मध्ये सरकारने ती उठवलीही. बंदी असावी की नसावी यावर चंद्रपुरात आजही दोन तट आहेत. पण नवऱ्यापुढे जी एकटी बोलू शकत नव्हती ती हजारोंच्या रांगेत बोलली, एवढे नाकारता येणार नाही. आशांचेही तसेच. 2023 च्या शेवटी आणि 2024 च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशांनी काम थांबवले, आझाद मैदानात ठाण मांडले, आणि मासिक मोबदल्यात 5,000 रुपयांची वाढ मिळवली. संप हीही स्वतःची काळजी घेण्याचीच रीत आहे, जरा मोठ्या आवाजातली.

आणि धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक, म्हणून त्याची कीर्ती. मला त्या गावाची दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय थांबतो, पुन्हा चर्चा होते. म्हणजे एका माणसाच्या 'नाही'ला बसायला जागा आहे. कोणी त्याला आडमुठा म्हणून उठवत नाही. आपल्या घरांत, कचेऱ्यांत, संस्थांत अशी जागा किती आहे?

संस्था म्हटले की या मातीतला एक अवघड वारसा समोर येतो. वरोऱ्याचे आनंदवन, हेमलकसा: आपण त्यागाच्या गोष्टी ऐकत वाढलो. मणक्याच्या दुखण्याने बसता येत नसताना बाबा आमटे 1985 मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रेला निघाले, हे चित्र मनावर कोरलेले. अशा चित्रांपुढे 'मला थकवा आला' म्हणायला कार्यकर्त्याची जीभ उचलत नाही. म्हणून डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते. इतरांच्या आरोग्यासाठी राबणाऱ्या या डॉक्टरला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. 2000 साली आलेल्या पुस्तकात त्यांनी आपला आहार, व्यायामाचा अभाव, मनावरचा ताण, पुढे केलेले ध्यानाचे प्रयोग, सगळे उघडे केले. सेवेचे व्रत घेतलेला माणूस आपल्याच शरीराकडे दुर्लक्ष करू शकतो, हे त्याने स्वतः छापून सांगितले. मराठी घराघरांत ते वाचले गेले, ते काही फक्त तेलातुपाच्या माहितीसाठी नव्हे.

मर्यादा आखली, 'नाही' म्हटले, तरी एक जण ऐकत नाही: आपलेच मन. रात्री ते बोलू लागते. 'गेली असतीस तर?' आशाताईच्या बाबतीत हा प्रश्न कधी खरोखर भयंकर असतो. तिने सांभाळलेले एखादे बाळ दगावते. ती भेटीचे दिवस पुन्हा पुन्हा मोजते, श्वास मोजायला चुकले का ते आठवते. इथे स्वतःवरच्या करुणेचा विषय येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये त्याची मांडणी केली. त्यांच्या मते या करुणेत तीन गोष्टी येतात. स्वतःशी मायेने बोलणे, हे दुःख माझ्या एकटीचे नाही याचे भान, आणि वेदना आहे तेवढीच बघणे, ना दाबणे ना फुगवणे. मधली गोष्ट आशाताईने नीट धरावी. गडचिरोलीच्या त्या गाजलेल्या प्रयोगात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, शंभर टक्क्यांनी नाही. उत्तम प्रशिक्षण, सतत देखरेख, मनापासून काम, हे सगळे असूनही काही बाळे गेली. त्या आरोग्यदूतही त्या रात्री झोपल्या नसतील. जे त्यांच्या हातात नव्हते ते हिच्याही हातात नाही.

स्वतःला माफ केले तर माणूस निगरगट्ट होतो, ही भीती मात्र आपल्याकडे पक्की आहे. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी ती तपासली. अवघड परीक्षेत नापास झालेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना अपयशाकडे मायेने बघायला सांगितले, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. शिव्या खाल्लेले मन चूक लपवण्यात गुंतते. समजून घेतलेले मन चूक बघायला तयार होते. हे आपल्या शाळांतही बघायला मिळते, फक्त आपण त्याला लाड म्हणतो.

नेफ यांना स्वतःवरच्या करुणेची कल्पना बौद्ध ध्यानातून सापडली, आणि ती चंद्रपूरला परकी नाही. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी ऑक्टोबरात तिथल्या दीक्षाभूमीवर गर्दी लोटते. मैत्री भावनेच्या पारंपरिक साधनेत मंगलकामना आधी स्वतःसाठी करतात, मग जवळच्यांसाठी, मग तिऱ्हाइतासाठी, मग वैऱ्यासाठी. ज्यांना शतकानुशतके 'तू कमी आहेस' हेच ऐकवले गेले, त्यांच्यासाठी स्वतःपासून सुरुवात करण्याचा अर्थ किती खोल असेल, याची कल्पना मला बाहेरूनच करता येते.

करुणेची घोकंपट्टी पुरत नाही हेही खरे. झोप दोन-तीन आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते केवळ दमणे नव्हे. 14416 या 'टेली-मानस'च्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते, मराठीतही. तालुक्याच्या डॉक्टरांना सांगता येते. त्यात कमीपणा नाही.

शेवटी एक विनंती, आशाताईला नव्हे, तिच्या गावाला. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिच्या हाती थोडा निधीही असतो. पुढच्या बैठकीत एक विषय घ्या: रात्री रुग्णाला घेऊन ताईसोबत कोण जाणार, गाडी कोणाची, ताई माहेरी गेली तर दोन दिवस फोन कोण उचलणार. नावे ठरवा, आणि ती शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून टाका.